एकेचाळीस घरांचे तीन रस्ते

तर तात्या ओढ्याच्या मधोमध उभे आहेत, इथवर आपण काल आलो होतो. एका हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, खांद्याला जुनी टपालाची पिशवी, बुटांत पाणी. आणि चेहऱ्यावर भाव असा, की ते ओढ्यात आलेलेच नाहीत, ओढाच कुठून तरी येऊन त्यांच्या पायाखाली शिरलाय. समोर एक हिरवं टेकाड, मागे एक हिरवं टेकाड, उजवीकडे बघावं तर तिसरं. तिन्ही एकाच आईची लेकरं असावीत तशी सारखी. आपण कुठल्या टेकाडावरून उतरलो आणि कुठल्यावर चढायचंय, हे काही त्यांना सांगता येईना. मघाशी काठावरच्या दगडावर त्यांनीच एक बाण काढला होता. तो बाण आता बरोबर त्यांच्याच पोटाकडे रोखलेला होता.

आता हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण या माणसाने छत्तीस वर्षं याच टेकाडांवरून टपाल वाटलेलं. सात टेकाडं, एकेचाळीस घरं. कुठल्या घराचं फाटक ढकलायचं आणि कुठल्याचं उचलून सरकवायचं, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता पोटरी धरतो, सगळं पाठ. धुकं असलं की डोळे मिटूनच चालतो, असं ते म्हणायचे. "उघडे ठेवले तर उगाच दिसत नाही म्हणून घाबरायला होतं."

मग नोकरी संपली. टपाल मोटारीने यायला लागलं. मोटार टेकाडांवर चढत नाही, तेव्हा खाली चौफुल्यावर एका ओळीत एकेचाळीस पेट्या ठोकल्या, आणि ज्याने त्याने खाली येऊन आपापलं टपाल न्यायचं, असं ठरलं. तात्या घरी बसले. घरी बसून कंटाळले, तेव्हा एक दिवस सहज फिरायला म्हणून बाहेर पडले आणि हरवले.

पहिल्यांदा मधवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. आपल्या पोळ्यांच्या पेट्या तपासायला तो टेकाडावर गेला होता, तर तात्या एका कुंपणापाशी उभे, टोपी हातात धरून. "काय तात्या, कुणाकडे?" "कुणाकडेच नाही रे. इथून घर कुठल्या बाजूला?" मधवाल्याला वाटलं थट्टा करतायत, म्हणून तोही हसला. मग त्याला कळलं की हसण्यासारखं काही नाही. दुसऱ्यांदा असंच सुताराने आणलं. गंमत अशी, की बायकोने दोऱ्याचं रीळ आणायला दुकानात पाठवलं तर सरळ जाऊन सरळ यायचे. दुकानात धाडलेला माणूस चुकत नाही आणि मोकळा फिरणारा चुकतो, हे काय गौडबंगाल आहे, कुणाला कळेना. त्यांना स्वतःला तर मुळीच कळेना.

त्यांची मुलगी शहरातल्या इस्पितळात नर्स. तिच्या कानावर हे गेल्यावर ती कसली थांबते! बापाला उचललं आणि मेंदूच्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, घड्याळ काढा. तात्यांनी घड्याळ काढलं, काटे काढले, शिवाय खाली दोरीने लटकणारा लंबकही काढला. डॉक्टर म्हणाले, तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. सफरचंद, टेबल, छत्री. पाच मिनिटांनी तात्यांनी तिन्ही शब्द सांगितले, आणि येताना दारावरच्या पाटीवर वाचलेला डॉक्टरांचा पत्ता पिनकोडसकट म्हणून दाखवला. डॉक्टरांनी मुलीकडे बघून खांदे उडवले.

"डोकं बरोबर आहे म्हणतायत ना?" तात्या जिना उतरताना म्हणाले.

"मग पायांना काय झालंय?" मुलगी म्हणाली.

तेच तर त्यांनाही विचारायचं होतं.

तिचं म्हणणं साधं होतं. आईला घेऊन माझ्याकडे या. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्यांच्या खिडक्या दिसतात. हरवायला जागाच नाही. तात्या एकदा एकटेच तिथे राहून आले होते. एका जिन्यावर चाळीस दारं बघून त्यांनी कौतुकाने मान हलवली होती. "इथल्या टपालवाल्याची चैन आहे. बूट झिजायचा प्रश्नच नाही." पण तिसऱ्या दिवशी ते खिडकीपाशी जे बसले ते उठेचनात. नुसतं दुरून चालणाऱ्या माणसांकडे बघायचं आणि विचारायचं, "हा कुणाकडे चाललाय गं?" मुलगी कामावर गेलेली असायची. उत्तर द्यायला घरात कुणी नसायचं.

अशात एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. हे शहरातले, उंच, सडपातळ, गुडघ्याच्या वर संपणारी विजार घातलेले. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची त्यांची खोड. तात्या तोंड मिटून बोलायला लागले. टपाल कचेरीतल्या खिडकीवालीने त्यांना तात्यांचं नाव सांगितलं होतं.

"आमचं पळणाऱ्यांचं मंडळ आहे. एकोणीसजण आहोत. दर रविवारी कुठे तरी जॉगिंगला जातो. तुमच्याकडची टेकाडं फार छान आहेत हो. आम्हाला तीन रस्ते आखून द्या. पाच किलोमीटर, आठ आणि बारा. दगडांवर रंगाने बाण काढायचे, बस."

"कुठे जायचंय?" तात्यांनी विचारलं.

"कुठेच नाही. इथून निघायचं आणि इथेच परत यायचं."

"काही विसरलं म्हणून परत येणार?"

"नाही हो, तसंच. पळण्यासाठी पळायचं."

तात्यांनी थोडा विचार केला. "बरं, जिथून परत फिरायचं, तिथे कोण आहे?"

"तिथे? कुणी नाही. निसर्ग आहे."

निसर्गाच्या नावाने आलेलं एकही पत्र तात्यांनी छत्तीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. ते नाहीच म्हणणार होते. पण शिवणयंत्रावर बसलेल्या त्यांच्या बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. ती टाचण्या काढते तेव्हा बोलणार असते.

"आखून देतील ते," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी या."

डॉक्टर गेल्यावर तात्या म्हणाले, "अगं, मी एकटा टेकाडावर जाऊ? मी?"

"मग काय मी जाऊ, शिवणयंत्र डोक्यावर घेऊन? पोरीला दाखवून द्या एकदा. नाहीतर बसा जन्मभर खिडकीत."

मुलीला फोन गेला. तिने आधी आपल्या रविवारच्या पाळ्या बघून घेतल्या. मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. रविवारी मी येते. तिन्ही रस्ते तुम्ही एकट्याने आखले आणि तुम्हाला शोधायला कुणाला जावं लागलं नाही, तर फ्लॅटचा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण एकदा जरी कुणाला जावं लागलं, तर मी सामान बांधणार. कबूल?"

"कबूल," तात्या म्हणाले. 

पहिल्या दिवशी दुसऱ्या टेकाडावरच त्यांची वाट चुकली. त्या दिवशी ते घरी आले ते मेंढ्यांच्या मागून. एक कळप उताराने घरी निघाला होता, तात्या गुपचूप त्याच्या शेपटाला लागले. मेंढ्यांनी काही विचारलं नाही, आणि मेंढ्या काही शहरात फोन करत नाहीत. तेव्हा ते शोधायला जाण्यात धरायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं.

दुसरा दिवस म्हणजे हा ओढ्यातला.

तर तात्या उभे. पाणी बुटांतून आत जाऊन बुटांतूनच बाहेर येतंय. ते मनाशी म्हणतात, उजवीकडे वळू. पण उजवीकडेच का? डावीकडे का नाही? डावीकडे जाऊ नये असं काय आहे तिथे? आणि जावं असं तरी काय आहे? कुठेही गेलं तरी चालणार असेल, तर पहिलं पाऊल कुठल्या पायाने टाकायचं? असा विचार त्यांनी आयुष्यात केला नव्हता. डोक्यात सगळी टेकाडं गोल फिरायला लागली.

एवढ्यात काठावरून आवाज आला. मेंढीवाली उभी होती, हातात काठी.

"तात्या, मासे धरताय की ओढा रंगवताय?"

"काम चाललंय," तात्या करड्या आवाजात म्हणाले.

"बरं बरं. माझं काही आलंय का हो?"

तात्यांची नोकरी संपल्यापासूनच्या तीन वर्षांत तिने त्यांना टेकाडावर पाहिलं नव्हतं. जुन्या सवयीने विचारून बसली. आणि जुन्याच सवयीने तात्यांनी ब्रश डब्यात खोचला आणि हात पिशवीत घातला. पिशवी रिकामी असायला हवी होती. पिशवीशिवाय खांदा उघडा पडल्यासारखा वाटतो म्हणून तर त्यांनी ती घेतली होती. पण हाताला एक पाकीट लागलं. वर बायकोचं अक्षर: 'मधवालीबाईंना, यांच्या हस्ते.' आत तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे मधवाल्याच्या, कोटाच्या मापांची चिठ्ठी, कापड आणायला. सकाळी निघताना बायकोने खुपसलेली असणार, आणि सांगितलंही असणार. तात्यांनी ऐकलं नसणार.

"तुझं नाही. मधवालीचं आहे," ते म्हणाले.

आणि हे म्हणेपर्यंत त्यांचा उजवा पाय ओढ्याबाहेर होता. डावा त्याच्या मागोमाग. समोरचं टेकाड एकदम ओळखीचं झालं. अरे, हे तर मोडक्या बाकाचं टेकाड! वर चढून बाकापाशी डावीकडे, कुंपणाला धरून खाली, सुताराच्या कारखान्याच्या पुढच्या दाराने आत आणि मागच्या दाराने बाहेर, कारण वळसा फार पडतो, आणि मग पोळ्यांच्या पेट्यांमागून मधवालीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी. वीस मिनिटांत पोचले. मधवालीने खिडकीतून पाकीट घेतलं, "अय्या, तात्या!" म्हणाली, आणि चहाचं भांडं चुलीवर ठेवलं.

चहा पिऊन तात्या निघाले. फाटकाबाहेर पडले. थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. झालं! पुन्हा सगळं हिरवं आणि सगळं सारखं.

ते तिथेच एका ओंडक्यावर बसले. आता त्यांना भीती वाटत होती, पण भीतीपेक्षाही जास्त गोंधळ वाटत होता. मघाशी आलं आणि आता येत नाही, हे काय आहे? आजार म्हणावा तर तो असा दाराशी थांबून राहतो का? त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात हात घातला. काही नाही. आणि मग त्यांना आठवलं, की ही पिशवी आपण अशी रिकामी घेऊन कधी चाललोच नाही. जाताना आलेलं टपाल असायचं. घरं संपत आली की लोक आपापली जायची पत्रं हातात द्यायचे, तेव्हा येताना ती असायची. ज्या दिवशी कुणाचंच काही नसेल, त्या दिवशी टेकाडावर चढायचं कारणच नसायचं. कोणाकडे तरी निघाल्याशिवाय ते छत्तीस वर्षांत एक पाऊलही चाललेले नव्हते.

ते उठले आणि पुन्हा खिडकीशी गेले.

"मधवालीबाई, उत्तर द्यायचं नाही का?"

"कशाला उत्तर? मापं कळली की."

"कळली असं लिहून द्या ना. बायकोला बरं वाटेल."

मधवालीने कपाळाला आठ्या घालून 'मापं कळली' एवढं लिहिलं आणि चिठ्ठी दिली. तात्या चिठ्ठी पिशवीत घालून घरी आले. एकदाही थांबले नाहीत.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचे टाके चालूच होते.

"म्हणजे तुमचं डोकं पिशवीत आहे," ती शेवटी म्हणाली.

"असं असतं का गं कुठे?"

"तुमचं आहे ना? मग असतं."

जेवण झाल्यावर तिने आलेली जुनी पाकिटं काढली. ती कागद टाकत नसे. पाकिटं उसवून, उलटी करून, पुन्हा चिकटवून ठेवलेला एक गठ्ठाच तिच्या कपाटात होता. तात्या सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मेंढीवाली. मधवाली. सुतार. वरच्या वळणावर शेजारशेजारच्या दोन घरांत राहणाऱ्या जुळ्या बहिणी, दोघींना वेगवेगळं, नाहीतर भांडतात. एकेचाळीस पाकिटं झाली.

"आणि हे बेचाळिसावं," तिने शेवटचं पाकीट पुढे केलं. वर त्यांच्याच घराचा पत्ता होता.

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या घरचं टपाल ते कचेरीतूनच खिशात घालून आणायचे. आपला पत्ता वाचून आपल्या दाराशी येण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. "आपल्याला पाकीट कशाला?"

"घरी यायचंय ना जेवायला?"

"ही फसवणूक नाही ना होत पोरीची?"

"शोधायला कुणी जाऊ नये म्हणाली ती. पाकिटं नेऊ नयेत असं म्हणाली का?" आणि तिने टाचण्या परत तोंडात धरल्या. म्हणजे विषय संपला.

पुढचे तीन दिवस तात्यांनी तीन रंगांत टेकाडं पालथी घातली. पाकीट काढायचं, नाव वाचायचं, पाय निघाले की ब्रश घेऊन त्यांच्या मागे जायचं. पायांना सोडून द्यायचं आणि बाण काढत राहायचं. पहिल्या दिवशी पांढरा, मग पिवळा, मग लाल. दर दिवशी शेवटी बेचाळिसावं पाकीट काढायचं आणि जेवायला घरी.

पण जे कुणाला सुचलं नाही ते इथेच झालं. डॉक्टरांनी मागितले होते पाच, आठ आणि बारा किलोमीटर. तात्यांच्या डोक्यात किलोमीटर बसत नव्हते, तिथे घरं बसत होती. तेव्हा त्यांनी एकेचाळीस घरं तीन रस्त्यांत वाटून टाकली. पांढऱ्यावर नऊ, पिवळ्यावर पंधरा, लालवर सतरा. एकही घर वगळलं नाही. वगळलं असतं तर त्या घराने काय म्हटलं असतं? आणि प्रत्येक बाण टपालवाल्याच्या वाटेने गेला, म्हणजे फाटकातून आत, अंगण ओलांडून, दाराच्या पायरीपर्यंत. सुताराच्या पुढच्या दारावर एक लाल बाण होता आणि मागच्या दारावर दुसरा.

रविवारी सकाळी एकोणीस माणसं तात्यांच्या अंगणात जमली आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. तात्या दारात उभं राहून बघत होते. "पोचायची एवढी घाई आहे तर निघत का नाहीत?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"अंग सैल करतायत ते."

"पांढरा नऊ घरांचा, पिवळा पंधरा, लाल सतरा," तात्यांनी मोठ्याने सांगितलं.

"किलोमीटरमध्ये सांगा ना," दातांचे डॉक्टर मनगटावरचं घड्याळ दाबत म्हणाले.

"ते तुम्ही पळालात की तुम्हालाच कळेल."

मंडळी गेली, आणि दहा मिनिटांत बसने मुलगी आली. आल्या आल्या बापाला आपादमस्तक बघून घेतलं. बोटांवर तीन रंग, चेहऱ्यावर ऊन. तिचाही चेहरा जरा सैल झाला. "एकट्याने केलंत?"

"एकट्याने. कुणी शोधायला आलं नाही. विचार आईला."

मग ती पाणी प्यायला आत गेली. खुंटीवर पिशवी होती, तिचा फुगवटा बघून तिने सहज आत हात घातला. आणि गठ्ठा घेऊन बाहेर आली. एक पाकीट उघडलं, दुसरं उघडलं, पाचवं उघडलं.

"बाबा, ही पाकिटं रिकामी आहेत."

"हो."

"तुम्ही टेकाडांवर एकेचाळीस रिकामी पाकिटं घेऊन हिंडत होता?"

"बेचाळीस," आई म्हणाली.

मुलीने पायरीवर बसकण मारली. तात्यांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. मनात सगळं सरळ होतं, पण शब्दांत आणलं की वेड्यासारखं ऐकू येत होतं. "म्हणजे कसं, की पायांना कळतं कुणाकडे जायचं ते. मग ते जातात. पत्र नाही, तर पायांना..." ते थांबले. नर्सच्या चेहऱ्यावर तो भाव यायला लागला होता, तो इस्पितळातला, मऊ आवाजाच्या आधीचा.

"बाबा," ती मऊ आवाजात म्हणाली, "हे बरं लक्षण नाही हो."

तात्यांना वाटलं, खरंच नसेल. त्यांना काय माहीत? आपलं आपल्याला कळेनासं झालंय हे तर ते स्वतःच सांगत होते.

तो विषय तिथेच राहिला, कारण पळणारे येईनात. पांढरा रस्ता अर्ध्या तासाचा, तर दीड तास झाला. मग एकेकजण उगवायला लागले. पळत कुणीच नव्हतं. एकाच्या हातात मधाची बाटली होती. एकीच्या दोन्ही खिशांत उकडलेली अंडी. जुळ्या बहिणींकडून आलेल्या चौघांनी दोनदा चहा घेतला होता, कारण एकीकडे घेतला तर दुसरीकडे नाही कसं म्हणणार? एका लठ्ठ गृहस्थाने मेंढीवालीचं मोडलेलं फाटक नीट करून दिलं होतं आणि त्याला तेवढ्यात फार आनंद झाला होता.

"तात्या, हा जॉगिंगचा रस्ता आहे की पाहुणचाराचा?" तो धापा टाकत म्हणाला. "आणि सगळे विचारतात, तात्यांनी पाठवलं का? तात्या स्वतः का येत नाहीत?"

 चुकलं असेल तर काय चुकलं, हे तात्यांना कळेना. बाण तर सगळे बरोबर होते. माणसं बरोबर पोचली होती.

अठराजण आले. दातांचे डॉक्टर आले नाहीत. लाल रस्त्यावर त्यांच्याबरोबर असलेल्या बाईंनी सांगितलं, "सुताराच्या दाराशी ते थांबले. म्हणाले, कुणाच्या घरातून कसं पळायचं, हा बाण चुकलाय. आणि मनगटावरच्या वाट दाखवणाऱ्या घड्याळात बघत एकटेच गवतातून गेले." फोन लावला, लागेना. दुपारची सावली अंगणात सरकायला लागली होती.

"आता कुणाला तरी शोधायला जावं लागणार," मुलगी म्हणाली. म्हणाली आणि तिला आपलीच अट आठवली.

तात्यांनी आत जाऊन एक कोरं पाकीट आणलं. त्यावर लिहिलं: 'दातांचे डॉक्टर.' खाली मुक्काम लिहायची जागा मोकळी सोडली.

"पत्ता नाहीये, बाबा," मुलगी म्हणाली.

"अपुरा आहे," तात्या म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज वेगळाच होता. "नाही आणि अपुरा यांत फरक आहे. अपुऱ्या पत्त्याचं पत्र पहिल्याच दिवशी परत पाठवायचं नसतं. शेवटच्या माहीत असलेल्या घरी जायचं आणि विचारायचं."

ते पाकीट आणि बेचाळिसावं, दोन्ही पिशवीत टाकून त्यांनी पिशवी खांद्याला लावली, आणि मुलगी त्यांच्या मागोमाग निघाली. तिला वाटलं, हात धरायला लागेल. हात कसला धरतेय! तिला धाप लागली. सुतार म्हणाला, "दारात थबकले, माफ करा म्हणाले, आणि उजवीकडे गेले." तात्या उजवीकडे दोन पावलं गेले आणि खाली वळले. "डॉक्टर तर उजवीकडे गेले ना?" मुलीने विचारलं. "कुणाकडे जायचं ठाऊक नसलेला माणूस चढत नाही," तात्या म्हणाले. "उतारावर सोडून देतो स्वतःला." खाली मेंढीवालीने काठीने दाखवलं. "गेला एक उघड्या गुडघ्यांचा. मी चहाला बोलावलं तर अजूनच जोरात पळाला."

दातांचे डॉक्टर ओढ्याच्या मधोमध उभे होते. बूट हातात. समोर एक टेकाड, मागे एक, उजवीकडे तिसरं. मनगटावरचं घड्याळ दोन वेगळ्या दिशा दाखवून बंद पडलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव तात्यांनी लगेच ओळखला. आरशात बघितल्यासारखं झालं.

"मी कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओढ्यात. तुमचं टपाल आहे." तात्यांनी पाकीट पुढे केलं.

डॉक्टरांनी ते उघडून आत बघितलं, उलटं करून झटकलं. "यात काहीच नाही."

"कुणाकडे निघाला होता तुम्ही?"

"कुणाकडेच नाही."

"मग बरोबर आहे," तात्या मोठ्या दिलाशाने म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपल्यासारखा दुसरा माणूस भेटला होता, आणि त्याला तर कुणी मेंदूच्या डॉक्टरपुढे नेऊन बसवणार नव्हतं.

परतताना फाटा आला. मुलगी मुद्दाम मागे थांबली. तात्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि क्षणभर ते ओढ्यातल्यासारखे जागीच उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतून बेचाळिसावं पाकीट काढलं, डोळ्यांजवळ धरून नीट वाचलं, आणि घराच्या वाटेला लागले.

संध्याकाळी मंडळी गेली. जाताना लठ्ठ गृहस्थाने पुढच्या रविवारसाठी पांढरा रस्ता मागून घेतला, फाटकाची एक बिजागरी राहिलीय म्हणाला. डॉक्टर दातांकडे न बघता निरोप घेऊन गेले. घरात तिघंच उरली. शिवणयंत्र थांबलं होतं आणि टाचण्या टेबलावर होत्या.

मुलगी टेबलाशी बसून पाकिटं एकावर एक रचत होती. मग तिने ती बाजूला सारली.

"बाबा, मला काही कळेनासं झालंय," ती म्हणाली. "तुम्ही हरवता हे खरं. हरवत नाही हेही आज मी डोळ्यांनी बघितलं. शोधायला जावं लागलं, पण तुम्हाला नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू? सामान बांधू की नको?"

तात्यांनी बायकोकडे बघितलं, मग खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं.

"बांध की. चार दिवस येतो तुझ्याकडे, जिन्यावरची चाळीस दारं परत बघतो. फक्त सामानावर पत्ता इथला घाल, नाहीतर मी परत कसा यायचा?"